दुसऱ्याचा कोड आपल्या कामाला लावताना

इंदूरमधल्या नमकीनच्या दुकानाचं बिल काढायचंय आणि हाती आलाय कुणीतरी लिहिलेला वह्या-पेनांच्या बिलाचा, पायथन या संगणकाच्या भाषेतला प्रोग्राम. लगेच शेवेचे भाव घालायला बसू नका. फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालवून बघा. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या प्रिंट (print) या आज्ञेनंतर कंस नाहीत म्हणून तिथेच अडला, तर कोड पायथन 2 चा आहे. त्या आवृत्तीची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. असा कोड शिकायला घेऊच नये, दुसरा शोधावा.

चालला, की एका वेळी एकच बदल: आधी वस्तूचं नाव, मग भाव. प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवा. पाच बदल एकदम केले तर बिघाड नेमका कशाने झाला ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

हमखास फसायची जागा म्हणजे इनपुट (input), म्हणजे वापरणाऱ्याने टाइप केलेलं घेणारी आज्ञा. 80 रुपयांची 3 पाकिटं म्हणजे 240 यायला हवेत, पण पडद्यावर 3 हा आकडा सलग 80 वेळा उमटतो. कारण इनपुटमधून आलेला 3 पायथनच्या लेखी मजकूर असतो आणि मजकुराला 80 ने गुणलं की तो 80 वेळा लिहिला जातो. इनपुटला इंटच्या, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या int च्या, कंसात घाला: int(input()). वजन दीड किलो असं असेल तर फ्लोटच्या, म्हणजे दशांश संख्या करणाऱ्या float च्या.

एरर आली की सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, मग तिच्या वरचा ओळ क्रमांक. वर्डमधून चिकटवलेल्या कोडमधली वळणदार अवतरणचिन्हंही चालत नाहीत, ती हाताने पुन्हा टाइप करा.