हँडहेल्ड गेमिंग कन्सोलच्या वेगाची तुलना करताना या चुका टाळा

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात असो वा ऑनलाइन, हँडहेल्ड कन्सोल घेताना बहुतेक जण आधी प्रोसेसरचा गिगाहर्ट्झचा आकडा पाहतात. तो आकडा खोटा नसतो, पण वेगवेगळ्या रचनेच्या प्रोसेसरांची तुलना केवळ त्यावर करणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. 1989 मध्ये आलेल्या गेम बॉय आणि अटारी लिंक्स या दोन्ही यंत्रांत साधारण 4 मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे 8 बिट प्रोसेसर होते. परंतु गेम बॉयच्या प्रोसेसरला सर्वांत लहान सूचनेसाठीही 4 क्लॉक सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके; हर्ट्झचा आकडा तेच मोजतो) लागत, तर लिंक्समधला प्रोसेसर कित्येक सूचना दोनच सायकलमध्ये उरकत असे. त्यातही एका सूचनेत होणारे काम दोन्हीकडे सारखे नव्हते. एकाच कुटुंबातल्या, एकाच पिढीच्या चिप समोर असतील, तेव्हाच हा आकडा काही सांगतो.

छापलेला कमाल वेग सतत मिळतो, हा समजही सोडून द्यावा. सोनीच्या पीएसपीचा प्रोसेसर 333 मेगाहर्ट्झचा होता, तरी 2007 पर्यंत गेमना 222 मेगाहर्ट्झचीच मर्यादा होती. आज ही मर्यादा वॉटमध्ये, म्हणजे चिप किती वीज घेते यावर असते. स्टीम डेक या कन्सोलची चिप 3.5 गिगाहर्ट्झपर्यंत आणि 2023 च्या आरओजी अ‍ॅलायची झेड1 एक्स्ट्रीम ही चिप 5.1 गिगाहर्ट्झपर्यंत जाते. पण डेकची चिप कमाल 15 वॉट घेते, तर अ‍ॅलाय टर्बो मोडमध्ये बॅटरीवर 25 आणि चार्जरवर 30 वॉट घेते. अ‍ॅलायची बॅटरी 40 वॉट-तासांची आहे, त्यामुळे पडद्याचा खर्च धरला तर टर्बोमध्ये ती दीड तासही पुरणार नाही. म्हणून दोन्ही यंत्रे 15 वॉटवर ठेवूनच तुलना करावी. माझ्या मते विकत घेणाऱ्याला खरे उत्तर तिथेच मिळते.

पडद्याचे रिझोल्यूशनही सारखे हवे. 1920×1080 मध्ये 1280×800 च्या दुप्पट पिक्सेल असतात, म्हणजे ग्राफिक्स चिपवर तेवढे जास्त ओझे पडते. सरासरी एफपीएसवरही (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रांच्या संख्येवर) विसंबू नये. 60 एफपीएसला प्रत्येक फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. मधेच एखादी फ्रेम 50 मिलिसेकंद अडली, तर डोळ्यांना झटका जाणवतो, पण सरासरीत तो दिसतही नाही. फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

गेम अडखळत असेल, तर प्रोसेसरला दोष देण्याआधी रिझोल्यूशन कमी करून पाहावे. एफपीएस वाढला, तर अडचण ग्राफिक्सची आहे; तो जवळजवळ तसाच राहिला, तर प्रोसेसर, मेमरी किंवा गेमनेच घातलेली फ्रेमची मर्यादा तपासावी. सुरुवातीला सुरळीत चालणारा गेम काही वेळाने मंदावत असेल, तर कारण बहुधा उष्णता असते: पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो आणि गादीवर ठेवलेल्या कन्सोलची हवा आत घेणारी जाळी झाकली जाते. अशा वेळी जाळी मोकळी करून, वॉटमर्यादा थोडी उतरवून तोच प्रसंग पुन्हा खेळून पाहावा. चार्जर लावूनही वेग वाढत नसेल, तर तो किती वॉटचा आहे ते पाहावे. मोबाइलच्या 18 वॉटच्या चार्जरवर 30 वॉटचा मोड चालणे शक्य नाही.