डेटाबेसचा बॅकअप आणि रिस्टोअर: या चुका टाळा

नागपुरात इतवारीतली पेढी असो, कळमन्यातली अडत असो की हिंगणा एमआयडीसीतला कारखाना, मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच. एक सर्व्हर, त्यावर मायएसक्यूएल नाहीतर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, यूपीएसच्या बाजूला कायमची खोचलेली यूएसबी हार्डडिस्क, आणि रोज रात्री डेटाचं फोल्डर त्या डिस्कवर उतरवणारी बॅच फाइल. कॉपी रोज होते, एरर येत नाही. पण त्या फोल्डरमधून डेटाबेस पुन्हा उभा राहील की नाही, हे कुणी तपासलेलं नसतं.

चालू सर्व्हरचं फोल्डर उचलणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन डेटा १६ केबीच्या पानांत ठेवतं. बदललेली पानं आधी मेमरीत असतात, बदलाची नोंद लगेच रीडू लॉगमध्ये जाते, आणि पान डिस्कवर सवडीनं उतरतं. म्हणजे कुठल्याही क्षणी डिस्कवरच्या फाइली अर्धं सत्य सांगत असतात. उरलेलं अर्धं लॉगमध्ये असतं. त्यात कॉपीला वीस मिनिटं लागली, तर पहिली फाइल २ वाजताची आणि शेवटची २ वाजून २० मिनिटांची. बिलाच्या टेबलात बिल आहे, पण मालाच्या टेबलात त्याच्या ओळी नाहीत, असा संच हाती येतो. बरेचदा तर सर्व्हर सुरूच होत नाही.

ही सवय जुन्या मायआयसॅम टेबलांच्या काळातली. तेव्हा सर्व्हर बंद करून टेबलाच्या तीन फाइली उचलल्या, दुसरीकडे ठेवल्या, की काम भागायचं. इनोडीबीत टेबलाची आयबीडी फाइल एकटी पुरत नाही. तिचा पत्ता डेटा डिक्शनरीत (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या यादीत) असतो, आणि अनडू नोंदी (बदल उलटवण्यासाठीच्या), लॉग वगैरे मंडळी बाहेर बसलेली असतात. फाइलीच उचलायच्या असतील तर सर्व्हर नीट बंद करा आणि अख्खी डेटा डिरेक्टरी घ्या: आयबीडेटा१, रीडू लॉग, सगळं. बंद करणं शक्य नसेल तर चालू सर्व्हरचा बॅकअप घेणारं एक्स्ट्राबॅकअप हे साधन वापरा (मारियाडीबी असेल तर मारियाबॅकअप). एलव्हीएम स्नॅपशॉटही (लिनक्समध्ये अख्ख्या व्हॉल्यूमची एका क्षणाची प्रत) चालतो, पण डेटा आणि लॉग एकाच व्हॉल्यूमवर असतील तरच.

एक्स्ट्राबॅकअपमध्ये लोक हमखास विसरतात ती 'प्रिपेअर'ची पायरी. बॅकअप घेतल्यावर कॉपीदरम्यानचे लॉग त्या फाइलींवर चढवावे लागतात. तसं न करता फाइली परत ठेवल्या, तर आपण चालू फोल्डरच उचललं होतं असं समजा.

एसक्यूएल सर्व्हर मात्र डेटाची एमडीएफ फाइल धरून ठेवतो आणि साधी कॉपी होऊच देत नाही. एका परीनं बरंच आहे.

डम्प घेतला, पण आत काय आहे?

दुसरी पद्धत डम्पची, म्हणजे डेटा एसक्यूएल हुकुमांच्या रूपात एका फाइलीत लिहून घ्यायची. मायएसक्यूएलडम्प या कमांडला 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्या, म्हणजे इनोडीबी टेबलं एकाच क्षणाची मिळतात. मायआयसॅम टेबलांना याचा काही उपयोग नाही, आणि डम्प चालू असताना कुणी टेबलाची रचना बदलली तर डम्प मोडू शकतो. ट्रिगर आपोआप येतात. स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) येत नाहीत. त्यांच्यासाठी 'रूटीन्स' आणि 'इव्हेंट्स' वेगळे लिहावे लागतात. रिस्टोअरनंतर सगळं सुरळीत दिसतं आणि महिनाअखेरीला व्याजाची प्रोसिजरच सापडत नाही, ते यामुळे. एका डेटाबेसच्या डम्पमध्ये यूजर आणि त्यांचे अधिकारही नसतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही तेच: पीजीडम्प रोल (म्हणजे यूजर) घेत नाही, त्यासाठी पीजीडम्पऑल 'ग्लोबल्स-ओन्ली' लावून वेगळा चालवा.

आता क्रॉनमधली, म्हणजे लिनक्सवर ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतली, डम्पची नेहमीची ओळ जवळून पाहू. डम्प, मग | चिन्ह, मग जीझिप, मग फाइल. डम्प मध्येच पडला, पासवर्ड चुकला, काहीही झालं, तरी जीझिप आपलं काम चोख करतो आणि 'सगळं ठीक' असा कोड परत देतो. शेलच्या लेखी पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डम्पनं एकही अक्षर दिलं नाही तर जी फाइल तयार होते ती बरोबर २० बाइटची असते. बॅकअपच्या फोल्डरमध्ये अशा २० बाइटच्या फाइलींची रांग दिसली, तर पहिल्या फाइलीच्या तारखेपासून तुमच्याकडे बॅकअप नाही. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'पाइपफेल' चालू करा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी चूक कळते. शिवाय डम्पची शेवटची ओळ तपासा: पूर्ण झालेल्या मायएसक्यूएल डम्पच्या शेवटी 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख-वेळ असते. ती ओळ नसेल तर आकार कितीही भरगच्च असो, फाइल अर्धवट समजा.

क्रॉनटॅबमध्ये आणखी एक खोडी आहे. तिथे % या चिन्हाचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो. फाइलीच्या नावात तारीख घालणारी कमांड टर्मिनलवर चालते आणि क्रॉनमध्ये मरते, ती यामुळेच. % च्या आधी \ द्या, किंवा कमांड स्क्रिप्टमध्ये ठेवून क्रॉनमधून फक्त स्क्रिप्ट बोलवा.

मराठी अक्षरांचं काय होतं

'रामटेक' या शब्दात सहा चिन्हं आहेत: र, काना, म, ट, मात्रा, क. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८. रिस्टोअरनंतर 'रामटेक'च्या जागी काय दिसतं त्यावरून आजार ओळखता येतो. अठराच्या आसपास विचित्र रोमन अक्षरं दिसली, तर बाइट शाबूत आहेत आणि फक्त लॅटिन-१ (रोमन अक्षरांची जुनी पद्धत) समजून वाचले जाताहेत. स्तंभ आधी बायनरी आणि मग यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) केला की बहुधा अक्षरं परत येतात. प्रयोग अर्थात कॉपीवर करा. सहा प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र मूळ अक्षरं गेली. दुसऱ्या डम्पमधूनच आणावी लागतील.

विंडोजवर ही चूक फार सहज होते. जुन्या पॉवरशेलमध्ये डम्पचं आउटपुट > चिन्हानं फाइलीत वळवलं, की पॉवरशेल मजकूर स्वतः उलगडतो आणि यूटीएफ-१६ मध्ये लिहितो. मराठी नावं तिथेच बिघडू शकतात. त्याऐवजी 'रिझल्ट-फाइल' हा पर्याय वापरा, आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ असा डम्प घेताना आणि भरताना दोन्ही वेळा लिहा.

नावात 'लॉग' आहे म्हणून डिलीट करणं

डिस्क भरली की हात आधी लॉगकडे जातो. पोस्टग्रेसमध्ये रीडू लॉगसारख्याच नोंदींचं पीजी_एक्सलॉग नावाचं फोल्डर होतं. लोक ते साध्या नोंदींचं समजून रिकामं करायचे आणि डेटाबेस गमवायचे. शेवटी २०१७ च्या आवृत्ती १० मध्ये त्याचं नाव पीजी_वॉल केलं. ते फुगतंय याचं एक नेहमीचं कारण म्हणजे त्या फाइली दुसरीकडे कॉपी करणारी आर्काइव्ह कमांड अपयशी होतेय. कारण दुरुस्त करा, फाइली आपसूक कमी होतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगची एलडीएफ फाइल डेटाच्या कित्येक पट वाढते, कारण रिकव्हरी मॉडेल 'फुल' असतं आणि लॉग बॅकअप कुणी लावलेलाच नसतो. रोजच्या फुल बॅकअपनं लॉग मोकळा होत नाही. एक तर दर पंधरा-तीस मिनिटांनी लॉग बॅकअप लावा, किंवा दिवसभराचं काम गेलं तरी चालेल हे मालकाला विचारून मॉडेल 'सिंपल' करा. एक्सप्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो. टास्क शेड्यूलरमधून एसक्यूएलसीएमडी चालवा.

रिस्टोअरच्या वेळची घाई

सर्व्हर पडलाय, काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे, मालक दर दोन मिनिटांनी विचारतोय. बॅकअप चांगला असूनही डेटा जातो तो याच अर्ध्या तासात.

बिघडलेलं फोल्डर डिलीट करू नका, त्याचं नाव बदला. बॅकअप रात्रीचा आहे, पण दिवसभराच्या नोंदी त्या बिघडलेल्या फाइलींत किंवा लॉगमध्ये असू शकतात. एसक्यूएल सर्व्हरवर 'फुल' मॉडेल असेल तर आधी टेल-लॉग बॅकअप (अजून बॅकअप न झालेल्या उरलेल्या लॉगचा) घ्या. मग फुल बॅकअप 'नो-रिकव्हरी' लावून चढवा, त्यावर लॉग क्रमानं, आणि 'रिकव्हरी' फक्त शेवटच्याला. पहिल्याच फाइलीला 'रिकव्हरी' दिली की दार बंद. पुढचे लॉग चढत नाहीत आणि सुरुवात पहिल्यापासून.

मायएसक्यूएलमध्ये सर्व्हर उठत नाही म्हणून इनोडीबीची 'फोर्स रिकव्हरी' सरळ ६ वर नेणं हाही घाईचाच प्रकार. १ पासून चढत जा. ४ आणि त्यापुढे डेटा कायमचा बिघडू शकतो.

चालू सर्व्हरवरच 'जरा तपासून बघू' म्हणून डम्प वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरताना सांभाळा. डम्प 'डेटाबेसेस' पर्यायानं घेतला असेल तर त्यात मूळ डेटाबेसकडे वळवणारी 'यूज' ओळ असते, आणि प्रत्येक टेबलाआधी 'असेल तर ड्रॉप करा' हा हुकूम. तुम्ही कमांडवर 'चाचणी' नाव द्या नाहीतर काहीही द्या, तो जाऊन चालू टेबलंच उडवतो आणि कालची भरतो.

फाइली रूट म्हणून कॉपी केल्या तर मालकी रूटकडे राहते आणि मायएसक्यूएल सुरू होत नाही. फाइली मायएसक्यूएल यूजरच्या नावावर करा. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर एसई-लिनक्सची लेबलंही पूर्ववत करा. पोस्टग्रेसच्या फाइली जुन्या लिनक्सवरून नव्यावर नेल्यात आणि मधे जीलिबसीची (अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या लिनक्सच्या लायब्ररीची) आवृत्ती बदलली, तर मजकुरावरचे इंडेक्स चुकीच्या क्रमाचे ठरू शकतात: असलेलं नाव शोधल्यावर सापडत नाही. असे इंडेक्स नव्यानं बांधा.

साडेपाच तासांचा घोळ

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी कुणीतरी 'व्हेअर'शिवाय, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ही अट न देता, अपडेट चालवला आणि सगळ्या संत्र्यांचा भाव एकच झाला. बायनरी लॉगवरून (प्रत्येक बदल क्रमानं नोंदणाऱ्या लॉगवरून) ३ वाजून ९ मिनिटांपर्यंत आणायचं आहे. तो लॉग वाचणाऱ्या मायएसक्यूएलबिनलॉगला दिलेली वेळ ही तो ज्या मशीनवर चालतोय तिथली स्थानिक वेळ मानली जाते. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) असतो, म्हणजे तिथे तेव्हा सकाळचे ९ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. वेळ फक्त जागा शोधायला वापरा. थांबायचं मात्र पोझिशनवर (लॉगमधल्या नोंदीच्या क्रमांकावर). सुरुवातीची पोझिशन डम्पमध्ये नोंदलेली हवी, त्यासाठी 'सोर्स-डेटा=२' (जुन्या आवृत्तीत 'मास्टर-डेटा=२'). मायएसक्यूएल ८ हे लॉग ठरलेल्या सेटिंगप्रमाणे ३० दिवस ठेवतं.

याच फरकामुळे रात्री २ ला लावलेला क्रॉन नागपुरात सकाळी साडेसातला धावतो.

प्रत ठेवायची कुठे

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच टेबलावर बॅकअपची डिस्क असेल तर पाणी दोघांत भेदभाव करत नाही. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही सापडते. दोन डिस्क आलटूनपालटून वापरा, एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. मे महिन्यात ती डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. अनेक पोर्टेबल डिस्कची चालतानाची मर्यादा ३५ अंश असते; इथे बाहेर ४५ असतं. आणि सर्व्हरच्या खोलीत एसी परवडत नाही म्हणून कूलर लावत असाल, तर त्याची ओली हवा थेट मशीनवर सोडू नका.

क्लाउडवर पाठवणार असाल तर आधी हिशेब करा. ४० जीबीची फाइल २० एमबीपीएस अपलोडवर साधारण साडेचार तास घेते, तेही लाइन गेली नाही तर. फाइल एन्क्रिप्ट केली असेल तर किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा. शेवटचा बिल नंबर, मुख्य टेबलांच्या ओळींची संख्या, दोन-चार मराठी नावं आणि लागलेली वेळ वहीत लिहा. त्या मशीनवर अ‍ॅप जोडण्याआधी इव्हेंट शेड्यूलर आणि एसएमएसचा गेटवे बंद केलाय ना, तेवढं पाहा. नाहीतर उधारीचे तगादे गिऱ्हाइकांना दुसऱ्यांदा जातात.