‘द विदर्ड आर्म’ला फ्रॉइड लावताय? या चुका टाळा

इंग्रजी लेखक थॉमस हार्डीची ‘द विदर्ड आर्म’ ही कथा दिसली की सायकोअ‍ॅनालिसिसवाल्यांच्या, म्हणजे फ्रॉइडच्या मनोविश्लेषणातून साहित्य वाचणाऱ्यांच्या, तोंडाला पाणी सुटतं. स्वप्न आहे, मत्सर आहे, वाळत चाललेला हात आहे, वर फाशी पण आहे, अजून काय पाहिजे? आणि म्हणूनच असाइनमेंटमध्ये या कथेची पार वाट लागते.

वाचून बरेच दिवस झाले असतील तर थोडक्यात सांगते. ऱ्होडा ब्रूक गाईंच्या धारा काढणारी, शेतमालक लॉजपासून तिला एक मुलगा झालेला, पण लॉज लग्न करून आणतो ती कोवळ्या वयाची नाजूक गर्ट्रूड. ऱ्होडाला स्वप्न पडतं की ही नवी बायको सुरकुतलेली म्हातारी होऊन आपल्या छातीवर बसलीये आणि लग्नाची अंगठी डोळ्यांपुढे नाचवतीये, ऱ्होडा तिचा डावा हात पकडून तिला जमिनीवर भिरकावते, आणि तिकडे खऱ्या गर्ट्रूडच्या डाव्या हातावर बोटांसारखे डाग उठतात नि हात वाळत जातो. शेवटचा उपाय काय, तर नुकत्याच फाशी गेलेल्या माणसाच्या मानेला तो हात लावायचा. आणि तो माणूस निघतो ऱ्होडाचाच मुलगा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ऱ्होडाला पेशंट करून टाकणं. ‘ऱ्होडा ही हिस्टेरियाची (मनातला ताण शरीरावर उमटतो त्या आजाराची) रुग्ण आहे’ असं पहिल्याच पॅराग्राफमध्ये ठोकून द्यायचं आणि मग पुढची चार पानं लक्षणं मोजत बसायची. यात दोन घोटाळे आहेत. एक तर कथा 1888 ची, ब्रॉयर आणि फ्रॉइडचं हिस्टेरियावरचं पुस्तक 1895 चं, त्यामुळे ‘हार्डीने फ्रॉइडचा सिद्धांत वापरला’ छापाची वाक्यं आधी खोडा. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या पुस्तकातली पेशंट अ‍ॅना ओ., तिचा हात लुळा पडतो तो तिचा स्वतःचा, मन तिचं आणि शरीर पण तिचंच. इथे स्वप्न पडतं एकीला आणि हात वाळतो दुसरीचा! हे कुठल्याच केस हिस्टरीत बसत नाही आणि तुमच्या लेखाचा खरा प्रश्न तिथेच आहे, त्यामुळे निदान सोडा, लक्षण एका बाईकडून दुसरीकडे कसं गेलं ते शोधा.

दुसरी चूक अंगठीची. अंगठी म्हणजे अमुक, हात म्हणजे तमुक, असं स्वप्नांचं पंचांग उघडून बसायचं. फ्रॉइडने 1900 सालच्या स्वप्नांवरच्या पुस्तकात स्वप्न पाहणाऱ्याला त्या गोष्टींवरून काय काय आठवतं ते विचारायला सांगितलंय, आता ऱ्होडाला तर आपण विचारू शकत नाही, पण स्वप्नाआधी दिवसा काय घडलं ते हार्डीने सविस्तर दिलंय ना, ते वाचा की. नवी बायको गावात यायच्या आधी ऱ्होडा मुलाला काय सांगते? ती काळी का गोरी, माझ्याएवढी उंच आहे का ते बघ, आणि हात बघ, गोरे आहेत का, घरकाम केल्यासारखे दिसतात का माझ्यासारखे धारा काढणारीचे आहेत. म्हणजे बघा, स्वतः तिला एकदाही न पाहता, मुलाच्या डोळ्यांनी जमवलेल्या तुकड्यांवरून तिने मनात आख्खी बाई उभी केली आणि त्यात हातांची चौकशी आधीपासून होती. मग स्वप्नात ती नेमका हातच पकडते. त्याला चिन्हकोश कशाला लागतो? मजुरीने खरखरीत झालेला हात अंगठीवाल्या हाताला धरतो, यात मत्सर पण आला आणि गरीब-श्रीमंत हा वर्ग पण आला. (वर्गाचं नाव काढलं की हे मार्क्सच्या पेपरमध्ये लिही असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.)

तिसरी चूक, सगळं ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं. ते कथेत चालत नाही, कारण त्या रात्री दोनच्या सुमारास काहीतरी पडल्याचा आवाज मुलाने पण ऐकलाय आणि गर्ट्रूडचा हात दुखायला लागला तो त्याच रात्री, त्याच वेळेला. उलट करणीची गोष्ट म्हणून सोडून द्यायची तरी पंचाईत, कारण ऱ्होडा स्वतःच घाबरते, की माझ्या इच्छेविरुद्ध माझ्यात लोकांचं वाईट करायची शक्ती आहे की काय. 1919 च्या ‘अनकॅनी’वरच्या, म्हणजे ओळखीचंच काहीतरी भयाण वाटायला लागण्यावरच्या, निबंधात फ्रॉइड हेच सांगतो, विचाराने जग बदलतं ही जुनी समजूत आपण मागे टाकली असं वाटत असतं आणि ती खरी ठरल्यासारखी दिसली की अंगावर काटा येतो. इथे हो किंवा नाही असा निकाल देऊ नका, शंका तशीच राहू द्या.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती चूक वेगळीच आहे. काळी इच्छा ती फक्त ऱ्होडाची आणि गर्ट्रूड बिचारी बळी, असंच सगळे लिहितात. सहा वर्षांनंतरची गर्ट्रूड बघा. नवऱ्याचं प्रेम आटलेलं, मूलबाळ नाही, घरात औषधं नि ताईत यांचा ढीग. लॉज म्हणतो एक मुलगा दत्तक घ्यावा असं एकेकाळी वाटलं होतं, पण आता तो मोठा झाला, कुठे गेला माहीत नाही, आणि तो कोणाबद्दल बोलतोय हे तिला बरोबर कळतं. त्यानंतर मांत्रिक ट्रेंडल तिला फाशीवाला उपाय सांगतो आणि ही भली बाई रोज रात्री प्रार्थना करायला लागते, की देवा, लवकर कुणालातरी फाशी होऊ दे, गुन्हेगार असो नाहीतर निरपराध! हार्डी वर हे पण सांगतो की ही प्रार्थना ती जाणूनबुजून करत नव्हती. फ्रॉइडच्या कितीतरी आधी नेणिवेतली इच्छा एका ओळीत मांडून ठेवलीये आणि आपण ती ओळ ओलांडून पुढे जातो. आणि फासावर जातं कोण? अठरा वर्षांचा पोरगा, गवताची गंजी पेटवली गेली तेव्हा तिथे योगायोगाने हजर असलेला, म्हणजे जवळजवळ निरपराधच, आणि नवऱ्याचा तोच मुलगा. ऱ्होडाच्या स्वप्नाने गर्ट्रूडचा हात गेला, गर्ट्रूडच्या प्रार्थनेने ऱ्होडाचं पोर गेलं. या कथेची ट्रॅजिक नायिका कोण, ऱ्होडा की गर्ट्रूड, हा प्रश्न एकीचं नाव घेऊन सुटत नाही तो यामुळे.

लेखकाचं मनोविश्लेषण करायचा मोह पण आवरा. हार्डीने सोळाव्या वर्षी, 1856 मध्ये, डॉर्चेस्टरला मार्था ब्राऊनची फाशी पाहिली होती हे खरं, पण तेवढ्यावर ‘कथा म्हणजे लेखकाचा दबलेला आघात’ असं लिहिलं की दोन्ही बायका गायब होतात. त्यापेक्षा ही कथा ज्या संग्रहात आहे त्याची हार्डीने लिहिलेली 1896 ची प्रस्तावना वापरा. त्यात तो म्हणतो की ज्या खऱ्या बाईवरून ऱ्होडा सुचली तिला हा स्वप्नाचा प्रकार रात्री झालाच नव्हता, उन्हाच्या दुपारी पडल्या पडल्या झाला होता, आपल्या विसराळूपणाने मूळ घटना मिळमिळीत झाली. दुपारचं रात्रीत का सरकलं यावर एक छान पॅराग्राफ होतो.

शेवटची एक बारीकशी. लॉजने मृत्युपत्रात ऱ्होडासाठी ठेवलेली वार्षिक रक्कम ती घेत नाही आणि धारांच्या कामावर परत जाते, त्यावर ‘अपराधगंडातून नकार’ असं लिहून लोक मोकळे होतात. कथेत कारण दिलेलंच नाही. राग पण असू शकतो, आणि ज्या बापाने पोराला कधी आपलं म्हटलं नाही त्याचे पैसे नको इतकं साधं पण असू शकतं. अपराधगंडच म्हणायचं असेल तर तो कुठल्या वाक्यात दिसतो ते आधी दाखवा.