सातेरीची पेटी फुटते तेव्हा : या चुका टाळा

सातेरी म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी. भर उन्हाच्या वेळी तिच्या पेटीतून माश्यांचा लोंढा बाहेर पडतो, जवळच्या फांदीला घोस लटकतो आणि थोड्या वेळाने तोही दिसेनासा होतो. अशा वेळी पेटी पळाली म्हणून हळहळण्याआधी झाकण उघडा. ओस पोळी, मेणकिड्याची (पोळ्याचे मेण खाणाऱ्या अळीची) जाळी, मधाचा थेंब नाही, असे दिसले तर माश्या उपासमारीने किंवा त्रासाने घर सोडून गेल्या. पण पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष) जागेवर, माश्या निम्म्या आणि पोळ्यांच्या खालच्या कडेला राणीघरे (नवी राणी वाढवण्याची मोठी घरे) लोंबत असतील, तर वसाहत फुटली आहे. जुनी राणी निम्मा परिवार घेऊन वेगळी झाली. या दोन्हींवर एकच औषध चालवणे ही मोठी चूक. पावसाळ्यातल्या उपासमारीत साखरपाणी वसाहत टिकवते. तेच फुलोऱ्यात पाजले तर फुटण्याला जोर येतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते राणीघरे सरसकट मोडण्याने. अंडे घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी राणीघराचे तोंड बंद होते आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास नवी राणी बाहेर येते. पहिले घर बंद झाले की जुनी राणी निघायला मोकळी. म्हणजे तोंड बंद झालेली घरे दिसतात तेव्हा ती कदाचित गेलेलीही असते. अशा वेळी सगळी घरे मोडली आणि पेटीत अंडी किंवा कोवळ्या अळ्या उरलेल्या नसल्या, तर नवी राणी घडवायला काहीच उरत नाही. मग कामकरी माश्याच अंडी घालू लागतात. एकेका घरात दोन-चार अंडी दिसतात आणि त्यांतून निपजतात फक्त नर. ही वसाहत सावरणे फार अवघड. म्हणून घरे मोडण्याआधी राणी आत आहे याची खात्री करा : उभी, ताजी अंडी शोधा आणि माश्यांची गर्दी कायम आहे ना ते पाहा. शक्य असेल तर राणी स्वतः डोळ्यांनी बघा.

पोळ्याच्या मधोमध एक-दोनच राणीघरे असतील तर त्यांना हातही लावू नका. राणी म्हातारी किंवा कमजोर झाली की ती बदलण्यासाठी माश्या बहुधा तशी घरे बांधतात.

वसाहत फुटण्याची खरी सूचना राणीघरे दिसण्याच्या कितीतरी आधी मिळते. नरांची घरे वाढू लागतात. सातेरीच्या नरघराच्या टोपीला टाचणीएवढे छिद्र असते. नवखे लोक ते रोग समजून पोळे कापतात. तो रोग नव्हे, तयारी सुरू झाल्याची खूण आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये दर आठवड्याला पाहणी हवी. त्यासाठी पोळे धरणारी प्रत्येक चौकट उपसायची गरज नाही, सातेरीला ती ढवळाढवळ सोसत नाही. शिशुकोठी (पिलावा असलेला खालचा कप्पा) मागच्या बाजूने थोडी उचलून खालून पाहिले तरी पोळ्यांच्या कडा दिसतात. गर्दी दिसली की मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) लगेच चढवा आणि जुने काळे पोळे काढून नवे बांधायला जागा द्या. जांभूळ फुलल्यावर जागा करायला धावणे म्हणजे उशीर.

तयारी थांबत नसेल तर विभाजन तुम्हीच करा, मात्र सहा-सात चौकटी माश्यांनी गच्च भरलेल्या असतील तरच. जुनी राणी पिलाव्याच्या एका चौकटीसह (तिच्यावर राणीघर नसावे) नव्या पेटीत ठेवा आणि ही पेटी जुन्या जागी मांडा. मूळ पेटी काही अंतरावर हलवा. बाहेर चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात, त्यामुळे राणीच्या पेटीला बळ मिळते. मूळ पेटीत एकच चांगले राणीघर राखा. चार-पाच राहू दिली तर कुमारी राण्यांबरोबर एकामागून एक छोटे थवे निघतात आणि मागे मूठभर माश्या उरतात.

दारावर राणीजाळी (जिच्यातून कामकरी माश्या जातात, पण राणी जाऊ शकत नाही) लावून राणीला अडवणे हा दोन-चार दिवसांचा उपाय आहे. ती तशीच ठेवली तर नर आत अडकून मरतात आणि नवी राणी मीलनासाठी बाहेर पडू शकत नाही.

थवा फांदीवर असेल तर धूर किंवा पलिता नको. पोट मधाने भरलेल्या या माश्या सहसा शांत असतात. संध्याकाळी पेटीत घ्या आणि आत उघड्या अळ्यांची एक चौकट ठेवा. पिलावा सोडून माश्या सहजी जात नाहीत.