घटनादुरुस्तीवर संशोधन करताना या चुका टाळा

घटनादुरुस्ती मंजूर झाली म्हणजे ती लागूही झाली, असं गृहीत धरून लिहिलेली प्रकरणं प्रबंधांमध्ये आजही सर्रास सापडतात. ४४ वी घटनादुरुस्ती घ्या. १९७८ च्या या कायद्याच्या कलम ३ ने प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेवरचा अनुच्छेद २२(४) बदलला आणि अशी प्रकरणं तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अहवालाशिवाय एखाद्याला स्थानबद्ध ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणली. पण फक्त कागदावर. त्याच कायद्याच्या कलम १(२) ने वेगवेगळ्या तरतुदी वेगवेगळ्या तारखांना लागू करायची मुभा केंद्र सरकारला दिली होती. बहुतेक तरतुदी १९७९ मध्ये अमलात आल्या, कलम ३ ची अधिसूचना मात्र निघालीच नाही. ए. के. रॉय खटल्यात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सरकारला अधिसूचना काढण्याचा आदेश द्यायला न्यायालयाने बहुमताने नकार दिला. त्यामुळे ‘दोन महिने’ धरून रचलेला सगळा युक्तिवाद व्हायवात पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. कलम ३ लागू झालेलं नाही, हे संविधानाच्या अधिकृत प्रतीत त्याच पानाच्या तळटीपेत छापलेलं असतं. गाईडमधून उतरवणाऱ्याला तळटीप दिसणार कुठून?

प्रत्येक दुरुस्तीसमोर चार नोंदी करायच्या: विधेयक मांडल्याची तारीख, दोन्ही सभागृहांतल्या मंजुरीच्या तारखा, राष्ट्रपतींची संमती आणि अंमल. चौथी फक्त राजपत्रातूनच घ्यायची.

विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक एक नसतो. जीएसटीचं १२२ वं विधेयक १०१ वी दुरुस्ती झालं. त्या विधेयकासोबतचं उद्देश व कारणांचं निवेदनही २०१४ चं, म्हणजे मांडलेल्या मसुद्याचं. आंतरराज्य पुरवठ्यावरचा एक टक्का जादा कर नंतर गळला, हे त्यात सापडणार नाही.

संविधान सभेच्या चर्चा आजच्या क्रमांकाने शोधणाऱ्यांची तर कीवच येते. अनुच्छेद ३२ हा मसुद्यात २५ होता, २१ हा १५ होता. २२ तर फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात नव्हताच. तो सप्टेंबर १९४९ मध्ये १५-अ म्हणून आला. आधी मसुद्यातला क्रमांक काढा, मग चर्चेची तारीख, मग पान. नुसता शब्द टाकून सापडलेला उतारा वापरायचा असेल, तर त्या दिवशीची त्या अनुच्छेदावरची चर्चा शेवटपर्यंत वाचा. तो उतारा नंतर फेटाळल्या गेलेल्या, मसुद्यावरच्या एखाद्या दुरुस्ती-सूचनेच्या समर्थनातला असू शकतो.

संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावरचा केशवानंद भारती खटला हेडनोटवरून, म्हणजे निकालाच्या सुरुवातीला छापलेल्या सारांशावरून, लिहू नका. तेरा न्यायमूर्ती, अकरा निकालपत्रं आणि बहुमताच्या सारांशावर सह्या फक्त नऊ. निर्णायक ठरलेलं न्या. खन्ना यांचं निकालपत्र तरी मुळातून वाचा.

‘दोन-तृतीयांश बहुमत’ एवढंच लिहून थांबू नका. घटनादुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ ला एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं: ५४३ च्या लोकसभेत किमान २७२, मग जागा कितीही रिकाम्या असोत.