कोल्हापूरच्या हवेत स्प्रे गनने फर्निचर रंगवताना

स्प्रे गन विकत घेण्याआधी किंवा भाड्याने आणण्याआधी आपल्याला नेमके काय रंगवायचे आहे, याचा विचार करावा. वेताने विणलेल्या पाठीची खुर्ची, कातीव पायांचा चौरंग, झोपाळ्याच्या पाठीचे दांडे, देव्हाऱ्याची जाळी, आडव्या पट्ट्यांच्या दारांचे कपाट अशा वस्तूंवर ब्रशने कोपऱ्यांत रंग साचतो आणि मोकळ्या भागावर केसांच्या रेघा राहतात. तेथे गनचा खरा उपयोग आहे. एखादे सपाट टेबल किंवा स्टूल रंगवायचे असेल, तर गन जोडणे, आजूबाजूचे सामान झाकणे आणि शेवटी गन धुणे यांत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात फोमच्या रोलरने काम उरकते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत अजूनही अस्सल सागवानी कपाटे आणि पेट्या टिकून आहेत. त्यांच्यावर अपारदर्शक रंग चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने पॉलिश उतरवून त्यांना नवे पॉलिश किंवा पारदर्शक लॅकर द्यावे. रंगासाठी प्लायवूड, एमडीएफ, साधे जंगली लाकूड आणि लोखंड पुरेसे आहे.

दिवस कोणता निवडावा

कोल्हापुरात स्प्रेचे काम बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हवेतला दमटपणा हे आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे काम शक्यतो काढूच नये. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधला थिनर फार वेगाने उडतो आणि उडताना रंगाचा पृष्ठभाग थंड करतो. त्या थंड थरावर हवेतले बाष्प बसते आणि चकचकीत व्हायला हवा तो थर दुधाळ, पांढुरका होतो. कारागीर याला ब्लशिंग म्हणतात. रिटार्डर नावाचा सावकाश उडणारा द्रव थोड्या प्रमाणात मिसळून हा दोष कमी करता येतो, परंतु रिमझिम सुरू असताना त्याचाही फारसा उपयोग होत नाही. ऑइल एनॅमलला ब्लशिंगचा त्रास नसला, तरी ओल्या हवेत ते तासन्‌तास चिकट राहते आणि तोवर घरातली सगळी धूळ त्यावर येऊन बसते. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. त्या अवस्थेत रंगवलेले दार हिवाळ्यात आकसले, की सांध्यांवरच्या रंगाला बारीक चिरा पडतात.

परतीचा पाऊस संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. या दिवसांतही सकाळच्या दवात काम सुरू करू नये. ऊन चांगले वर आल्यावर सुरुवात करावी आणि शेवटचा हात सूर्यास्ताच्या दोन तास आधी आटोपावा. मात्र याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो आणि गावाकडे तोडणीनंतर पाचट पेटवले जाते. त्याची काळी, हलकी राख वाऱ्याबरोबर लांबवर येते आणि पांढऱ्या रंगावर पडली, तर ती बोटाने काढायला गेल्यावर डाग आणखी पसरतो. कसबा बावड्यासारख्या भागात किंवा शेतांना लागून राहणाऱ्यांनी गच्चीवर उघड्यावर काम न करता तीन बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद लावलेला आडोसा करावा आणि वाऱ्याची दिशा बघूनच गन हातात घ्यावी. एप्रिल-मेमध्ये अडचण उलटी असते. दुपारच्या उन्हात रंगाचे तुषार पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतात आणि हात फिरवल्यावर पावडर लागल्यासारखे खरखरीत जाणवते; त्यातच दुपारनंतर वळवाची सर कधी येईल, याचा नेम नसतो. त्या दिवसांत सकाळीच काम संपवावे.

यंत्राची निवड

घरगुती कामासाठी दोन पर्याय आहेत. पहिली विजेवर चालणारी टर्बाइनची हातगन. तिला कॉम्प्रेसर लागत नाही, ती प्रायमर आणि पाण्याचे रंग चांगले मारते. मात्र तिच्यातून तुषार थोडे जाड पडतात. दुसरी कॉम्प्रेसरवर चालणारी, वर कप असलेली गन. फिनिश हवे असेल तर हीच घ्यावी. तिच्यातही एचव्हीएलपी प्रकारात हवा जास्त आणि दाब कमी असतो. तोंडाशी हवेचा दाब १० पीएसआयपेक्षा अधिक नसतो, त्यामुळे रंग हवेत उडून कमी वाया जातो. जुन्या पद्धतीच्या जोरदार दाबाच्या गनमधून निम्म्याहून अधिक रंग वस्तूऐवजी भिंतीवर आणि अंगावर जातो. परंतु एचव्हीएलपी गन हवा भरपूर मागते आणि एक एचपीचा लहान कॉम्प्रेसर तिला पुरा पडत नाही. मोठे दार रंगवताना मध्येच दाब पडतो आणि रंग थुंकल्यासारखा बाहेर येतो. लहान कॉम्प्रेसर असेल तर कमी हवेवर चालणारी लहान गन घ्यावी. उद्यमनगरात कॉम्प्रेसरचे काम करणारे भरपूर आहेत. तेथे गनला किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते हे सांगून सल्ला घेतला, तर चुकीची जोडी घरी येणार नाही.

कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतले पाणी साचते. काम सुरू करण्यापूर्वी टाकीच्या तळाचा कॉक उघडून ते काढून टाकावे आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर जरूर बसवावा, अन्यथा रंगात पाण्याचे थेंब जाऊन फोड येतात. नोझल रंगाप्रमाणे बदलते: एनसी, पीयू (पॉलियुरेथेन) आणि पातळ केलेल्या एनॅमलसाठी १.३ ते १.४ मिमी, प्रायमरसाठी १.७ ते १.८ मिमी आणि दाट पाण्याच्या रंगासाठी २ मिमी किंवा त्याहून मोठे.

घासणे, भरणे आणि अस्तर

ब्रशने दिलेला रंग लहानसहान उणिवा लपवतो. गनचा पातळ, एकसारखा थर त्या उलट उठून दाखवतो. म्हणून तयारीला रंगवण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. बिजागऱ्या, कड्या, मुठी काढून ठेवाव्यात आणि कोणती कुठली हे खडूने लिहून ठेवावे. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरचा तेलकट थर साबणाच्या पाण्याने आणि नंतर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा. सिलिकॉन असलेले पॉलिश पूर्वी फवारलेले असेल, तर नव्या रंगात गोल खळगे पडतात. अशी वस्तू थिनरने दोन-तीनदा, दर वेळी नवे फडके घेऊन पुसावी.

जुन्या रंगाबाबत एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या एनॅमलमध्ये शिसे असू शकते. म्हणून जुना रंग कोरडा न घासता पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना तेथे येऊ देऊ नये आणि घासलेला चिखल अंगणात न धुता कागदात गुंडाळून टाकावा.

नव्या लाकडाला आधी १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर रेषांच्या दिशेने मारावा. खिळ्यांची भोके आणि सांधे लांबीने (पुट्टीने) भरावेत. लांबी एकदम जाड न भरता दोन पातळ थरांत भरली, तर ती सुकल्यावर खचत नाही. त्यावर प्रायमरचा एक हात फवारावा. सुकल्यावर २२० नंबरने हलके घासून, धूळ पुसून दुसरा हात द्यावा आणि तो ३२० नंबरने गुळगुळीत करावा. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना एक हात जास्त लागतो. सनमायकावर थेट रंग धरत नाही. तो २२० नंबरने चमक जाईपर्यंत घासून गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर मारावा. लोखंडी कपाटाचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्रायमर मारावा, कारण उघडे लोखंड आपल्या हवेत एका रात्रीत पुन्हा तांबूस होते.

रंग पातळ करणे

या कामातली निम्मी कारागिरी येथे आहे. प्रत्येक रंगाला त्याचाच पातळक लागतो: ऑइल एनॅमलला टर्पेंटाइन, एनसीला एनसी थिनर, पीयूला पीयू थिनर आणि ठरलेल्या मापाचा हार्डनर, पाण्याच्या रंगाला पाणी. लवकर सुकावे म्हणून एनॅमलमध्ये एनसी थिनर घालण्याची सवय चुकीची आहे आणि जुन्या एनॅमलवर थेट एनसी फवारणे त्याहून वाईट. खालचा रंग सुरकुतून वर उचलला जातो.

पातळपणा अंदाजाने ठरवू नये. रंगाच्या दुकानात बी-४ नावाचा तळाला भोक असलेला कप मिळतो. त्यात रंग काठोकाठ भरून, धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजावे. एनॅमलसाठी २० ते २५ सेकंद आणि एनसी किंवा पीयूसाठी १८ ते २० सेकंद हे सुरुवातीचे माप समजावे आणि डब्यावर वेगळे लिहिले असेल, तर डब्याचेच ऐकावे. उन्हाळ्यात तोच रंग आपोआप पातळ होतो, त्यामुळे जानेवारीचे प्रमाण मेमध्ये चालत नाही. पातळ केलेला रंग नायलॉनच्या जाळीतून किंवा जुन्या ओढणीच्या दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कपात ओतू नये. पीयूमध्ये हार्डनर घातल्यावर रंग काही तासांतच घट्ट होतो, म्हणून लागेल तेवढाच कालवावा.

फवारण्याआधीची काळजी

तुषार हवेत असताना ठिणगी पडली तर आग लागते. म्हणून गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती आणि ठिणगी मारणारा जुना पंखा यांच्याजवळ थिनरचा रंग फवारू नये. कॉम्प्रेसरही आडोशाबाहेर ठेवून लांब पाइपने हवा आणावी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क वापरावा. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, म्हणून घरच्या घरी पीयू फवारण्याच्या फंदात पडू नये. तेवढे टिकाऊ फिनिश हवेच असेल, तर ते काम वेगळी रंगखोली असलेल्या कारागिराकडे द्यावे.

हात कसा चालवावा

प्रथम पुठ्ठ्यावर फवारून पाहावे. पट्टा लांबट आणि मधोमध सारखा पडेपर्यंत हवा, रंग आणि पट्ट्याची रुंदी यांचे तिन्ही स्क्रू एकेक करून फिरवावेत. गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटीमीटरवर धरावी आणि मनगट न वळवता संपूर्ण हात समांतर न्यावा. मनगट वळले, की मधे रंग जास्त आणि टोकांना कमी पडतो. गन वस्तूच्या काठाबाहेर असतानाच ट्रिगर दाबावा आणि दुसऱ्या काठाबाहेर गेल्यावर सोडावा. प्रत्येक नवा पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यावा. ही लय शब्दांत समजावणे अवघड आहे. गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत बापट कॅम्प, शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत जाऊन मूर्तीवर गन चालवणाऱ्याचा हात थोडा वेळ पाहिला, तर त्याचा वेग आणि अंतर डोळ्यांत बसते.

आधी आतल्या बाजू, कडा आणि पायांचे मागचे भाग रंगवावेत, दर्शनी पृष्ठभाग शेवटी घ्यावा. वेताच्या आणि जाळीच्या कामावर समोरून जोर न लावता चारही बाजूंनी तिरप्या दिशेने पातळ फवारा द्यावा. दारे काढून आडवी ठेवून रंगवली, तर ओघळ येत नाहीत. एका जाड थराऐवजी तीन पातळ हात द्यावेत. एनसीला दोन हातांमध्ये अर्धा ते पाऊण तास पुरतो, एनॅमलला मात्र रात्रभर ठेवावे लागते आणि पुढच्या हाताआधी ४०० नंबरचा पेपर हलका फिरवावा लागतो.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला, तर रंग घट्ट आहे, हवा कमी पडते आहे किंवा गन फार लांब आहे. ओघळ आला तर ओला असताना त्याला बोट लावू नये. तो पूर्ण सुकू द्यावा, ४०० नंबरने सपाट करावा आणि त्यावर एक पातळ हात मारावा.

काम संपताच, चहाला जाण्याआधी, गन धुवावी. उरलेला रंग काढून कपात त्याच रंगाचा पातळक घालावा, तो स्वच्छ येईपर्यंत जुन्या डब्यात फवारावा, मग नोझल आणि सुई काढून मऊ ब्रशने पुसावी. नोझलच्या भोकात तार किंवा खिळा घालू नये. मळका थिनर गटारात ओतू नये. तो झाकणाच्या डब्यात ठेवला, तर गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर पुढच्या वेळी गन धुण्यास चालतो. टर्पेंटाइनची फडकी गोळा करून ढीग लावू नयेत, पसरून वाळवावीत. एनॅमल हाताला कोरडे लागले, तरी आतून घट्ट व्हायला साधारण आठवडा घेते. तोवर टेबलावर काच, पितळी भांडी किंवा वर्तमानपत्र ठेवू नये आणि कपाटाची दारे थोडी उघडी ठेवावीत.