बॅकहँडवर जड टॉपस्पिन : पकड आणि तंत्र

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान 40 अंशांच्या वर जाते, तेव्हा टेनिसचा चेंडू वेगळाच वागू लागतो. तापलेल्या कोर्टवर टप्पा पडला की तो खांद्यापर्यंत उसळतो आणि गरम, विरळ हवेत सरळ मारलेला फटका बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, बाहेर जाऊन पडतो. फोरहँडवर, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूने मारलेल्या फटक्यावर, बहुतेक खेळाडू हे सांभाळून घेतात. बॅकहँडवर, म्हणजे त्याच्या विरुद्ध बाजूच्या फटक्यावर, मात्र ते स्लाइस करून, म्हणजे चेंडू वरून खाली कापत मारून, वेळ मारून नेतात. स्लाइस हा उत्तम फटका आहे, पण खांद्याच्या उंचीवरच्या चेंडूवर तो केवळ बचावापुरता उरतो. अशा चेंडूला उत्तर द्यायचे असेल तर बॅकहँडवर टॉपस्पिन यावाच लागतो.

टॉपस्पिनमध्ये चेंडू जमिनीवरून पुढे गडगडत जावा तसा स्वतःभोवती फिरत हवेतून जातो. त्यामुळे त्याच्या वरच्या अंगाला हवेचा दाब वाढतो आणि तो खाली ढकलला जातो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. जाळी मध्यभागी 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असते. टॉपस्पिन असलेला चेंडू तिच्यावरून आणखी चार फूट उंच नेला तरी कोर्टात उतरतो आणि टप्प्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर उसळतो. ‘जड’ हा शब्द मात्र जपून वापरावा. नुसता खालून वर घासलेला चेंडू फिरतो खरा, पण सर्व्हिस लाइनच्या (जाळी आणि बेसलाइन यांमधल्या आडव्या रेषेच्या) आत मऊ पडतो आणि समोरच्याला आयताच मिळतो. फिरकी आणि पुढे जाण्याचा वेग हे दोन्ही एकत्र असतील तरच समोरच्याच्या हातातील रॅकेट मागे ढकलली जाते.

येथे सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज दूर केला पाहिजे. फिरकी देण्यासाठी मनगट फिरवून रॅकेटचे तोंड, म्हणजे तारांची बाजू, चेंडूवर पालथे घालावे, असे अनेकांना वाटते. चेंडू तारांवर सुमारे 5 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, टिकतो. एवढ्या वेळात त्याच्यावरून मनगट फिरवणे माणसाला शक्य नाही. तसा प्रयत्न करणाऱ्याच्या रॅकेटचे तोंड कधी लवकर मिटते, म्हणजे खाली झुकते, आणि चेंडू जाळीत जातो, तर कधी उशिरा मिटते आणि चेंडू आकाशात जातो. आघाताच्या क्षणी रॅकेटचे तोंड जवळजवळ उभे, फार तर किंचित मिटलेले असावे आणि रॅकेट खालून वर व पुढे जात असावी. सगळी फिरकी या मार्गातून येते, आणि तोंड आपोआप उभे राहावे यासाठीच पकड महत्त्वाची आहे.

रॅकेटच्या हँडलला आठ पैलू असतात. तारांचे तोंड जमिनीशी काटकोनात राहील अशी रॅकेट समोर धरावी. आता वर आलेला पैलू 1 मानावा आणि हँडलच्या टोकाकडून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने 8 पर्यंत मोजावे. तर्जनीच्या मुळाचा सांधा कोणत्या पैलूवर टेकतो, यावरून पकड ठरते. पुढील वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी ते आरशातल्यासारखे उलटे घ्यावे.

सांधा 2 वर असेल तर ती कॉन्टिनेंटल पकड होय. ती स्लाइस, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) आणि सर्व्हिससाठी योग्य आहे. परंतु या पकडीने एका हाताचा बॅकहँड शरीरासमोर मारला की तोंड आपोआप वर उघडते, म्हणून तिच्यावर टॉपस्पिनचा आग्रह धरणे म्हणजे मनगटाशी झुंज घेणे होय. सांधा 1 वर आणला की ईस्टर्न बॅकहँड पकड मिळते. तळवा हँडलच्या माथ्यावर येतो, मनगटाला मागून आधार मिळतो आणि तोंड उभे राहते. शिकणाऱ्याने येथूनच सुरुवात करावी. सांधा आणखी पुढे 8 वर नेला तर खांद्याच्या उंचीवरचे चेंडू झोडपता येतात, मात्र चेंडू बराच पुढे गाठावा लागतो आणि गुडघ्याखालचे चेंडू अवघड जातात. जस्टिन हेनिन ही जेमतेम साडेपाच फूट उंचीची खेळाडू एका हाताच्या बॅकहँडसाठी ओळखली जाई आणि तिने फ्रेंच ओपन चार वेळा जिंकले. उंची कमी आहे म्हणून हा फटका आपला नाही, असे मुलांना सांगणाऱ्यांनी तिचा खेळ अवश्य पाहावा.

पकड बदलण्याचे काम डाव्या हाताने करावे. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर, म्हणजे हँडल आणि डोके यांमधल्या भागावर, असावा. चेंडू बॅकहँडकडे येतो आहे हे दिसताच खांदे वळवावेत आणि त्याच हालचालीत डाव्या हाताने रॅकेट फिरवावी. उजवी मूठ तेवढ्यापुरती सैल असावी. हा बदल न पाहता झाला पाहिजे. घरी बसल्याबसल्या रोज शंभर वेळा केला तर दोन-तीन आठवड्यांत हाताला सवय लागते.

एका हाताच्या फटक्यात उजवा खांदा चेंडूकडे आणि पाठ थोडी प्रतिस्पर्ध्याकडे असावी. उजवा पाय पुढे टाकून गुडघे वाकवावेत आणि रॅकेटचे डोके चेंडूच्या एक-दीड फूट खाली सोडावे. बहुतेकांचे गाडे येथेच अडते. हात खाली जातो, पण रॅकेटचे डोके मनगटाच्या वरच राहते, आणि मग खालून वर जाण्यासाठी अंतरच उरत नाही. चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे गाठावा. आघाताच्या वेळी कोपर सरळ असावे. वाकलेले कोपर पुढे काढून मारलेला उशिराचा फटका हे टेनिस एल्बोचे, म्हणजे कोपराच्या दुखण्याचे, नेहमीचे कारण आहे. उजवा हात वर-पुढे जाताना डावा हात मागे जाऊ द्यावा. त्यामुळे छाती लवकर उघडत नाही आणि सारी ताकद चेंडूमागे राहते. शेवटी रॅकेटचे टोक आकाशाकडे असावे.

दोन हातांच्या बॅकहँडमध्ये खरा कर्ता डावा हात असतो, आणि हे पटेपर्यंत फटका सुधारत नाही. उजवा हात खाली, कॉन्टिनेंटल पकडीत असावा आणि डावा त्याला लागून वर असावा. डाव्या तर्जनीचा सांधा 7 वर ठेवला तर साधा, भरवशाचा फटका मिळतो आणि 6 वर नेला तर फिरकी वाढते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचा चेंडू वर्षभर सपाटच जात होता. तिला पंधरा दिवस रोज वीस मिनिटे केवळ डाव्या हाताने, हँडल आखूड धरून, फोरहँड मारायला लावले. त्यानंतर दोन्ही हात लावताच चेंडू बेसलाइनच्या आत वाकू लागला. या फटक्यात आघात एका हाताच्या तुलनेत थोडा मागे, पुढच्या पायाच्या रेषेत होतो. त्याआधी दोन्ही मनगटे सैल सोडून रॅकेटचे डोके मुठींच्या खाली पडू द्यावे, मग पाय आणि कंबर वर उचलत फटका उजव्या खांद्यावरून पूर्ण करावा.

तारांविषयी थोडेसे. पॉलिएस्टरच्या तारा आघातात बाजूला सरकून झटक्याने परत येतात आणि फिरकी वाढवतात. ब्राझीलचा खेळाडू गुस्ताव्हो कुएर्तेन याने 1997 मध्ये अशाच तारांनी फ्रेंच ओपन जिंकल्यानंतर त्यांचा प्रसार झाला. परंतु त्या हाताला कडक लागतात, म्हणून लहान मुलांना आणि कोपर दुखणाऱ्यांना त्या देऊ नयेत. चेंडूंकडेही लक्ष असावे. लव झिजलेल्या चेंडूला हवेचा अडथळा कमी होतो, तो लांब जातो आणि आपले तंत्र चुकले की चेंडू जुना झाला, हे कळेनासे होते. घामाने पकड निसटते, यासाठी आपल्या सोलापूरचा टर्किश टॉवेल कोर्टच्या कडेला ठेवावा आणि दर दोन गुणांनंतर तळवा पुसावा.

सराव उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत संपवावा. आरंभी सर्व्हिस लाइनवर उभे राहून, स्वतःच चेंडू टाकून, अर्ध्या कोर्टात फटके मारावेत. येथे वेग नको, फक्त रॅकेटचे डोके खाली पडते का ते पाहावे. मग जाळीच्या खांबांना दोन बांबू बांधून जाळीच्या तीन फूट वर सुतळी ताणावी आणि बेसलाइनवरून चेंडू सुतळीच्या वरून न्यावा. सर्व्हिस लाइन आणि बेसलाइन यांमध्ये 18 फुटांचा पट्टा असतो. सुतळीवरून गेलेल्या दहापैकी सात चेंडू त्या पट्ट्यात पडू लागले की वेग वाढवावा. वेग वाढवल्यावर चेंडू लांब जाऊ लागले तर हात आखडता घेऊ नये. रॅकेटचे डोके आणखी खाली सोडावे आणि तितक्याच जोराने पुन्हा मारावे.